पार्क स्ट्रीटच्या दुसऱ्या टोकाला

कोलकात्यात येऊन चार महिने झाले आणि या चार महिन्यांत मी काय पाहिलं? गेस्ट हाऊस, सॉल्ट लेकच्या सेक्टर फाईव्हमधलं क्लायंटचं ऑफिस आणि त्या दोन्हींच्या मधला रस्ता. बस्स. दोन आठवड्यांचं काम म्हणून पुण्याहून निघालो होतो. मग एक महिना झाला, मग "अजून एक रिलीज होऊ दे" झालं. आयटीवाल्यांना हे सांगायची गरज नाही म्हणा.

तर या शनिवारी चक्क सुट्टी मिळाली. टीममधल्या बंगाली मित्राला विचारलं, एका दिवसात काय बघू? हावडा ब्रिज, काली मंदिर असं काहीतरी उत्तर येईल असं वाटलं होतं. तो म्हणाला, "गोरस्थान." म्हणजे कबरस्तान! मी म्हटलं बाबा रे, डिप्रेस आहे पण इतका नाही. तेव्हा कळलं की सत्यजित राय यांची 'गोरस्थाने सावधान' नावाची फेलूदाची एक रहस्यकथा आहे आणि ती ज्या दफनभूमीत घडते ती साउथ पार्क स्ट्रीट सेमेटरी इथल्या प्रत्येक पोराला ठाऊक असते. "सकाळी ते बघ, दुपारी व्हिक्टोरियामधली चित्रं बघ. पण याच क्रमाने," असंही त्याने बजावलं. क्रमाचं महत्त्व संध्याकाळी कळलं.

पार्क स्ट्रीट मेट्रोला उतरलो. पार्क स्ट्रीट म्हणजे केक, रोल, कबाब आणि नाताळची रोषणाई, हे आपल्याला ऐकून माहीत असतं. पण अठराव्या शतकात या रस्त्याचं नाव होतं बरियल ग्राउंड रोड. शहरातून प्रेतं घेऊन जायचा रस्ता! पुढे सर न्यायाधीश एलिजा इम्पे याच्या हरणांच्या बागेवरून पार्क स्ट्रीट हे नाव पडलं. आता कागदोपत्री मदर तेरेसा सरणी आहे, पण टॅक्सीवाल्याला पार्क स्ट्रीटच कळतं.

रस्त्याच्या चौरंगीकडच्या टोकाला, अगदी सुरुवातीलाच, एशियाटिक सोसायटी आहे. विल्यम जोन्सने १७८४ मध्ये स्थापन केलेली. तिथून पूर्वेला सरळ चालत राहिलं, दुकानं, हॉटेलं, शाळा मागे टाकत गेलं, की दुसऱ्या टोकाला दफनभूमी लागते आणि तिथे जोन्स स्वतः पुरलेला आहे. कामाची जागा एका टोकाला, कबर दुसऱ्या टोकाला. मधलं अंतर जेमतेम दीड किलोमीटर.

आत शिरलो आणि पहिली गोष्ट जाणवली ती म्हणजे हॉर्न बंद झाले. बाहेर मल्लिक बाजारचा चौक आहे, म्हणजे कल्पना करा. आत झाडं, शेवाळ, ओल, आणि दोन्ही बाजूंना काळपट पडलेली थडगी. थडगी म्हणजे जमिनीवर ठेवलेल्या फरश्या नव्हेत. एकेक इमारतच! पिरॅमिड, घुमट, खांबांचे मंडप, ओबेलिस्क. दोन-दोन मजली उंचीचे. मेलेल्यांचं एक छोटं शहरच म्हणा ना. बांधकाम मात्र बहुतेक विटांचं. बंगालच्या गाळाच्या मातीत दगड आणायचा कुठून? म्हणून वीट रचायची आणि वर चुन्याचा गिलावा द्यायचा. तो घोटून घोटून असा चकचकीत करायचे की लांबून संगमरवर वाटावा. ही चुन्याची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१७६७ मध्ये ही जागा सुरू झाली. म्हणजे प्लासीनंतर दहा वर्षांनी आणि कंपनीला बंगालची दिवाणी मिळाल्यावर दोन वर्षांनी. १७९० च्या सुमारास ती भरत आली, तरी १८३० च्या आसपासपर्यंत दफनं होत होती. सोळाशेच्या आसपास थडगी आहेत.

आणि मग मी वयं वाचायला लागलो.

हे करू नये. एकदा सुरू केलं की थांबता येत नाही. विशीतली बाई, तिच्या शेजारी तान्हं मूल. पंचविशीतला लेफ्टनंट. तिशीच्या आतले कंपनीचे 'रायटर'. रायटर म्हणजे लेखक नव्हे हां, कारकून. सोळा-सतराव्या वर्षी इंग्लंडहून जहाजात बसून निघायचे आणि इथे हिशेब आणि पत्रांच्या नकला लिहीत बसायचे. खाजगी व्यापारात हात मारून दहा वर्षांत गबर होऊन परत जायचं, हा प्लॅन. सहा महिने प्रवास, घरच्या पत्राचं उत्तर यायला वर्ष. मी थोडा वेळ मोजत होतो, पंचविशीच्या आतले किती, तिशीच्या आतले किती. मग सोडून दिलं. चाळिशी ओलांडलेला सापडला की उलट आश्चर्य वाटायला लागलं.

मरायचे कशाने? ताप, हगवण, कॉलरा, यकृताचे आजार. उपचार काय, तर रक्त काढायचं आणि पारा पाजायचा. रोगातून वाचलेला औषधाने जायचा. अलेक्झांडर हॅमिल्टन नावाच्या एका दर्यावर्दी व्यापाऱ्याने अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या कोलकात्याबद्दल लिहून ठेवलंय की ऑगस्टमध्ये सुमारे १२०० इंग्रज होते आणि जानेवारी उजाडायच्या आत ४६० जणांच्या दफनाची नोंद झाली. पावसाळा संपला की उरलेले लोक एकत्र जमून आपण जिवंत आहोत म्हणून मेजवानी करायचे. दोन पावसाळे काढले की माणसाचं आयुष्य झालं, अशा अर्थाची एक म्हण इंग्रजांत होती. आपल्याला उगीच वाटतं की ती कोलकात्याची असणार. नाही! ती आपल्या मुंबईची. जॉन ओव्हिंग्टन नावाच्या पाद्र्याने १६९० च्या दशकात मुंबईबद्दल ती लिहून ठेवली.

सगळ्यात उंच उठून दिसणारा ओबेलिस्क जोन्सचा. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचं मूळ एक असावं हे १७८६ मध्ये एशियाटिक सोसायटीच्या व्यासपीठावरून सांगणारा, 'शाकुंतल' इंग्रजीत नेणारा हा माणूस. शाळेत आपण एवढंच शिकतो. पण तो इथे आला का? भाषाशास्त्रासाठी नव्हे. सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीशाचा पगार वर्षाला ६,००० पौंड होता. काही वर्षं राहायचं, ३०,००० पौंड शिल्लक टाकायची आणि इंग्लंडला परत जाऊन कोणाची चाकरी न करता जगायचं, असा त्याचा चोख हिशेब होता. १७८३ मध्ये आला. १७९३ च्या अखेरीस बायकोची तब्येत ढासळली म्हणून तिला पुढे पाठवून दिलं. स्वतः मागे राहिला, कारण हिंदू कायद्याच्या संग्रहाचं काम अर्धवट होतं. तेवढं संपवून निघणार होता. २७ एप्रिल १७९४ ला गेला, वय ४७. तो संग्रह शेवटी कोलब्रूकने पुरा केला.

"अजून एक रिलीज होऊ दे." मी त्या ओबेलिस्कखाली बराच वेळ उभा होतो.

रोझ एल्मर नावाची वीस वर्षांची मुलगी आहे, १८०० मध्ये गेलेली. वॉल्टर सॅव्हेज लँडर या कवीने तिच्यावर केलेली कविता थडग्यावर कोरलीय, त्यामुळे तिथे कायम कोणीतरी फोटो काढत असतं. डेरोझिओ आहे. सतराव्या वर्षी हिंदू कॉलेजात मास्तर झालेला आणि बंगालच्या अख्ख्या एका पिढीला प्रश्न विचारायला शिकवणारा डेरोझिओ. १८३१ मध्ये कॉलेजने त्याला जायला लावलं आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात कॉलऱ्याने गेला. वय २२. आपण बावीसचे असताना काय करत होतो? मी कॅम्पस इंटरव्ह्यूसाठी ॲप्टिट्यूडची पुस्तकं सोडवत होतो. असो.

एक थडगं चक्क देवळासारखं आहे. ते मेजर जनरल चार्ल्स स्टुअर्टचं, टोपणनाव 'हिंदू स्टुअर्ट'. हा आयरिश माणूस रोज गंगास्नान करायचा, देवाच्या मूर्ती जमवायचा आणि गोऱ्या मडमांनी साडी नेसावी असा लेखी प्रचार करायचा. मला तो एकदम आवडून गेला. पण नंतर वाचलं की भुवनेश्वरच्या देवळातले शिलालेख यानेच उचलून आणले होते आणि पुढे ते परत पाठवावे लागले. त्याचा मूर्तिसंग्रह इंग्लंडला गेला आणि १८७२ मध्ये ब्रिटिश म्युझियममध्ये पोचला. भक्ती आणि उचलेगिरी एकाच माणसात सुखाने नांदत होती म्हणायचं.

माझ्या वयाचाही एक सापडला. ऑगस्टस क्लीव्हलंड, भागलपूरचा कलेक्टर. राजमहालच्या डोंगरांतल्या पहाडिया लोकांशी लढत बसण्यापेक्षा त्यांनाच पगारी शिपाई करून घ्यायची शक्कल यानेच लढवली. आजारी पडला म्हणून हवापालटासाठी केप ऑफ गुड होपला निघाला. जानेवारी १७८४ मध्ये जहाज नदीच्या मुखाशी असतानाच गेला आणि मृतदेह मागे कोलकात्याला आणला. वय २९. परतीच्या जहाजात बसला होता हो! त्या जहाजाचं नाव 'ॲटलस'. हेही लक्षात ठेवा.

आता रॉबर्ट किड. याचं थडगं शोधायला मला वेळ लागला आणि खरं सांगायचं तर त्यानेच माझा मूड बदलला. किड हा कंपनीचा लष्करी अधिकारी, बागेचं वेड असलेला. हावड्याच्या शिबपूरचं बोटॅनिकल गार्डन याने सुरू केलं. मला तिथेच पुरा, तेही कोणत्याही धर्मविधीशिवाय, अशी त्याची इच्छा होती. १७९३ मध्ये गेला तेव्हा आणून पुरलं इथेच. पण मुद्दा वेगळाच आहे. बाग कशासाठी? तर १७८६ मध्ये त्याने कंपनीला जो प्रस्ताव पाठवला त्यात मलायाकडून साबुदाण्याचा ताड आणावा, इराणकडून खजूर आणावा, म्हणजे दुष्काळात लोकांना खायला काही राहील, असा विचार होता. फुलंबिलं नंतरची.

दुष्काळ म्हणजे १७७० चा. बंगाली साल ११७६, म्हणून त्याला 'छियात्तरेर मन्वंतर' म्हणतात. मी या बागेत सकाळपासून १७६७, १७७०, १७७५ अशी सालं वाचत फिरत होतो आणि माझ्या डोक्यात हा दुष्काळ एकदाही आला नव्हता. ही दफनभूमी सुरू होऊन जेमतेम तीन वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. १७७२ मध्ये गव्हर्नर झालेल्या वॉरन हेस्टिंग्जने त्याच वर्षी लंडनला कळवलं की प्रांतातली निदान एक तृतीयांश माणसं गेली. जुन्या पुस्तकांत एक कोटी हा आकडा येतो. आजचे काही इतिहासकार तो कमी करतात, पण कमी करूनही तो लाखांतच राहतो. आणि त्याच पत्रात हेस्टिंग्ज सांगतो की १७७१ ची निव्वळ वसुली १७६८ पेक्षाही जास्त झाली. माणसं मेली, पण महसूल वाढला. कारण तो जबरदस्तीने पूर्वीच्या पातळीवर ठेवला, हेही तो मान्य करतो.

ही वसुली वहीत कोण उतरवत होतं? रायटर. सतरा-अठरा वर्षांची पोरं. ज्यांची वयं वाचून माझा गळा दाटून येत होता तीच. त्यांना पिरॅमिड मिळाला. दुष्काळातल्यांचा एकही दगड मला त्या दिवशी कुठे दिसला नाही, आणि दिसणार तरी कसा? थडगं बांधायला विटा लागतात, चुना लागतो, आणि मागे कोणीतरी उरावं लागतं.

मला त्या पोरांचा राग आला असंही नाही. मी काय, क्लायंटच्या डेटाबेसमध्ये आकडे टाकतो तेव्हा त्या आकड्यांमागे कोण आहे हे विचारतो का?

दुपारी बाहेर पडलो, एक अंडा-रोल हाणला आणि व्हिक्टोरियाकडे चालत निघालो. आचार्य जगदीशचंद्र बोस रोडने. जुनं नाव लोअर सर्क्युलर रोड. आता इथे, मंडळी, आपला नंबर लागतो. सकाळीच मित्राने मेसेज केला होता, "एन्जॉय, बोर्गी!" बोर्गी म्हणजे बारगीर. नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा १७४२ पासून बंगालवर चालून येऊ लागल्या, गावं लुटली, जाळली. भास्करराम कोल्हटकरांना १७४४ मध्ये अलीवर्दी खानाने बोलणीच्या बहाण्याने बोलावून मारलं, हे आपण वाचलेलं असतं आणि आपल्याला त्याचा संतापही असतो. शेवटी १७५१ मध्ये वर्षाला १२ लाख चौथाई ठरली. आपल्या बाजूने ही 'बंगालची मोहीम'. इथे आजही तान्ह्या बाळाला झोपवताना 'बोर्गी आले' म्हणून घाबरवतात. आमच्याकडे बागुलबुवा येतो, यांच्याकडे आपण जातो! गंगाराम नावाच्या कवीने त्या काळात 'महाराष्ट्र पुराण' लिहिलं आहे. नाव ऐकून छाती फुगते, आत काय आहे हे कळल्यावर हवा जाते.

या बारगीरांच्या भीतीने कोलकात्याच्या लोकांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला, मराठा डिच. सात मैलांचा बेत होता, तीनेक मैल खणून झाला आणि बारगीर काही शहरात आलेच नाहीत. खंदकाचा उपयोग एकच झाला. कोलकातावासी इंग्रजांना 'डिचर' असं टोपणनाव पडलं. १७९९ मध्ये खंदक बुजवायला घेतला आणि त्यातून सर्क्युलर रोड आकाराला आला. म्हणजे शहराच्या कडेने जाणारा हा रस्ता आपल्या धसक्याची आठवण आहे. त्याच्या कडेने मी रोलचा कागद हातात धरून, कचऱ्याचा डबा शोधत चाललो होतो. बंगालच्या विनाथडग्याच्या मेलेल्यांत आपलाही वाटा आहे, हे सकाळी हेस्टिंग्जवर दात-ओठ खाताना लक्षात आलं नव्हतं.

रस्ता पुढे पीजी हॉस्पिटलशी जातो. रोनाल्ड रॉसने १८९७ मध्ये सिकंदराबादला डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी शोधला आणि १८९८ मध्ये कोलकात्यात पक्ष्यांवर प्रयोग करून तो डासाच्या चाव्यातून पसरतो हे दाखवलं. रॉसचं स्मारक याच हॉस्पिटलच्या आवारात आहे. जोन्सच्या ओबेलिस्कपासून चालत अर्धा-पाऊण तास. इतिहासाला मधे एकशेचार वर्षं लागली.

व्हिक्टोरिया मेमोरियल बाहेरून सगळ्यांनी पाहिलेलं असतं, निदान फोटोत. कर्झनची १९०१ ची कल्पना, १९०६ मध्ये पायाभरणी, १९२१ मध्ये उद्घाटन, मकराण्याचा खराखुरा संगमरवर. आत चित्रं आहेत हे मात्र बागेत बसलेल्या जोडप्यांपैकी निम्म्यांना माहीत नसावं :-) थॉमस आणि विल्यम डॅनियल या काका-पुतण्यांच्या चित्रांचा इथे मोठा संग्रह आहे. १७८६ मध्ये दोघे कोलकात्यात आले तेव्हा विल्यम सोळा-सतरा वर्षांचा होता. सात वर्षं भारतभर फिरले आणि, ऐका, दोघेही धडधाकट परत गेले! त्यांच्या चित्रांतलं कोलकाता बघा. निळं आकाश, रुंद रस्ते, शुभ्र खांबांची शुभ्र घरं. पालख्या, छत्र्या, एखादा हत्ती. माशी नाही, डास नाही, चिखल नाही. आणि ती घरं शुभ्र कशाने? त्याच चुन्याने. सकाळी जो गिलावा शेवाळलेला, पोपडे आलेला, आतली वीट दाखवणारा पाहिला होता, तो इथे कोरा करकरीत होता. मित्राने क्रम बदलू नको का सांगितलं ते तेव्हा कळलं. आधी इथे आलो असतो तर चित्रांवर विश्वास ठेवला असता.

शेवटी योहान झोफनीचं एक चित्र. वॉरन हेस्टिंग्ज आणि त्याची बायको मरियन, अलीपूरच्या त्यांच्या बागेत. तोच हेस्टिंग्ज, एक तृतीयांशचं पत्र लिहिणारा. प्रसन्न दिसतो. झोफनी १७८३ च्या सप्टेंबरात कोलकात्यात आला आणि जानेवारी १७८४ मध्ये मरियन तब्येतीसाठी इंग्लंडला निघाली. कोणत्या जहाजाने? 'ॲटलस'. क्लीव्हलंड ज्याच्यावर मेला तेच! ती पोचली आणि पुढे नव्वदीपर्यंत जगली. तो पार्क स्ट्रीटला परत आला.

या दोघांच्या बाजूला चित्रात तिसरी एक बाई आहे. मरियनची भारतीय दासी, हातात मालकिणीची हॅट. चेहरा नीट काढलाय, म्हणजे झोफनीसमोर ती तासन् तास उभी राहिली असणार. चित्राच्या नावात मात्र श्री. आणि सौ. हेस्टिंग्ज, दोनच माणसं. माझं गणित तिथेच अडकलं. १७८३ मध्ये ती विशी-पंचविशीची असेल तर १७७० मध्ये लहान मुलगी असणार. त्या सालात ती कुठल्या गावात होती? घरात किती जण होते, त्यातले किती उरले? सकाळपासून मी शेकड्यांनी नावं आणि वयं वाचली होती. हिचा चेहरा माझ्या समोर होता आणि नाव, वय, साल काहीच नव्हतं. मी तिच्यासमोर, खरंच, दहा मिनिटं तरी उभा होतो. गार्ड दोनदा येऊन बघून गेला.

बाहेर आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. फोनवर मित्राचा मेसेज, "भूत भेटलं का?" उत्तर टाईप करत होतो तेवढ्यात आईचा फोन.

"कुठे आहेस?"

"फिरायला आलोय गं. म्युझियम."

"बरं झालं, जरा बाहेर पडलास. परत कधी येतोयस ते विचारलंस का साहेबांना?"

"पुढच्या रिलीजनंतर म्हणतायत."

"हं. आणि पाणी उकळून पितोस ना रे?"